तहानेचं सोंग

एका कंपनीच्या पैशातून आणि एका सामाजिक संस्थेच्या मदतीने गावाने तळं बांधलं. त्या पाण्यावर बायकांच्या गटाने रोपवाटिका उभी केली. एके दिवशी कंपनीचा कॅमेरावाला फिल्म काढायला तिथे रिकाम्या घागरी घेऊन आला.

"या डोक्यावर घेऊन उन्हात चाला. चेहरे जरा दमलेले हवेत," तो म्हणाला.

गटाच्या प्रमुख वहिनी उसळल्या. "पाणी दारात आलंय. तहानेचं सोंग आम्ही आणणार नाही."

संस्थेची ताई त्यांच्या कानाशी लागली. "वहिनी, कंपनी बिथरली तर पुढचं काम अडेल."

"अडू दे! आम्ही उभ्या राहिलो, ते दाखवायला त्यांना लाज वाटते का?"

ताईने सगळ्यांसमोर कंपनीच्या साहेबांना फोन लावला. "फिल्म होईल ती रोपवाटिकेची, नाहीतर होणारच नाही."

साहेबांनी फोन आपटला. वहिनींनी सरकून ताईला शेजारी जागा दिली.