सहावी बैठक आणि बारा नंबरचा पाना

मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी घटस्फोटाच्या अर्जातला नवरा समुपदेशक मॅडमच्या बेसिनखाली शिरला.

बैठक सहावी आणि शेवटची होती. ‘समेटाची शक्यता नाही’ या ओळीखाली मॅडमची सही हवी होती. बुधवारी अकराला कोर्टाची तारीख. ती हुकली तर पुढची सहा महिन्यांनी. बायकोला त्याचीच घाई होती. ती ऑपरेशन थिएटरमधली नर्स, तो प्लंबर. कोपऱ्यातला नळ पहिल्या बैठकीपासून ठिबकत होता.

“मनातलं बोला,” मॅडम त्याला म्हणाल्या होत्या.

“मनात तो नळच आहे, मॅडम. पाच बैठकांतलं अक्षर डोक्यात शिरलेलं नाही.”

“घरातला अकरा महिने गळतोय,” बायको म्हणाली. “तेव्हा कानात बोळे होते?”

“घरी तू बोलत असतेस. नळ ऐकू येत नाही.”

मॅडमनी कपाळाला हात लावला आणि परवानगी दिली.

पुढची सात मिनिटं खोलीत कुणी भांडलं नाही. बेसिनखालून नुसताच हात बाहेर आला. बायकोने नवऱ्याच्या पिशवीतून बारा नंबरचा पाना काढून त्याच्या तळव्यावर थाडकन ठेवला. मग पकड. मग वॉशर. त्याने तोंडाने काहीही मागितलं नव्हतं.

मॅडम लिहू लागल्या.

“काय लिहिताय?” बायकोने विचारलं.

“तुम्हाला एकमेकांचं न बोलता कळतं.”

“अहो, हात पुढे आला की देते मी! सर्जनलाही दिवसभर देते. त्याच्याशी संसार थाटू का?”

“सर्जन थँक्यू म्हणतो का गं?” बेसिनखालून आवाज आला.

“म्हणतो!”

“मग थँक्यू.”

“आत्ता? चौदा वर्षांनी?”

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. वर ही नोंद आणि खाली ती सही, असला अहवाल आपण देणार नाही, म्हणाल्या. प्लंबर हात पुसत खुर्चीत बसला.

“हिला हवं ते द्या, मॅडम. फक्त आता ऐकू येतंय, तर पहिल्या बैठकीपासून एकदा सांगा.”

बायकोने डोळे मिटून घेतले. मॅडमनी दोघांना बुधवारी सकाळी साडेनऊला बोलावलं.

बुधवारी दहा वाजून चाळीस मिनिटांनी तिघं तिसऱ्या बैठकीपर्यंत पोचले होते. प्लंबर प्रश्न विचारत होता, बायको उत्तरं देत होती. सही झालेली नव्हती.