फौजदाराची खरूज

मी फौजदार बोलतोय. घाबरू नका, पोलीस ठाण्यातला नव्हे. पारनेर तालुक्यात सूर्यभानच्या वस्तीवर राखणीला असलेला कुत्रा. हुद्दा मला डोळे उघडायच्या आधीच मिळाला, कर्तबगारी तेवढी दाखवायची राहून गेली. चोराची चाहूल लागली की मी कडब्याच्या गंजीमागे जातो आणि तिथून भुंकतो.

गर्व करावा असं माझ्याकडे एकच होतं, माझं तांबूस, तुकतुकीत अंग. एकाहत्तर सालच्या थंडीत माझ्या कानांच्या कडा खाजू लागल्या. मग कोपरं, मग पोट. दिवसभर मी खराखरा खाजवत बसायचो. केस गळाले, कातडी जाड झाली, अंगाला आंबूस वास सुटला. तरी मी आपला ऐटीतच. वस्तीवर आरसा फार उंच टांगलेला होता, हे माझं नशीब!

सूर्यभान विहिरीवरच्या इंजनाचं जळकं काळं ऑइल बाटलीत जपून ठेवायचा. गाडीच्या आसाला तेच, दाराच्या बिजागरीला तेच. एके दिवशी त्याने काठीला चिंधी बांधून मलाही तेच चोपडलं.

"आता बघ, आठ दिसात कसा चकाकतोय!"

चकाकलो खरा. पण अंग चाटल्याशिवाय राहील तो कुत्रा कसला? दोन दिवस ओकत होतो. कातडी भाजली ती वेगळीच, आणि खाज होती तिथेच. मग सगळ्यांचं 'हाड हाड' सुरू झालं. भाकरीसुद्धा लांबून फेकायचे.

एका सकाळी सूर्यभानने पोतं झटकलं. "सुप्याच्या माळावर सोडून येतो याला. समद्या वस्तीला लावंल."

मला वाटलं, गाडीतून फिरायला नेतोय. मी जोरजोरात शेपूट हलवली. माझ्या अकलेबद्दल आणखी काय सांगू?

त्याची बायको कडूबाई आडवी आली. "आदी पारनेरला गुरांच्या डाक्टरला दावा. त्यांनी हात टेकले, तर मग सोडा."

"कुत्र्याला दवाखान्यात? लोकं हसत्याल."

"हसू द्या."

लोक हसलेच. म्हशी आणि बैलांच्या रांगेत मी एकटाच फौजदार. डॉक्टरांनी माझ्या कानाची कातडी पात्याने हलकेच खरवडली आणि भिंगाखाली पाहिली.

"खरूज आहे. बारीक किडे असतात. केस गळायला लागले तेव्हाच आणायचा. ते ऑइल आणखी पोटात जातं तर मेला असता." मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला खाज?"

"न्हाई बा," सूर्यभान म्हणाला.

कडूबाईने त्याची बाही वर सारली. दंडभर पुरळ, आणि त्यावर तेच काळं ऑइल!

"डाक्टरसाहेब, आता यांनाबी माळावर सोडू का?"

अख्खी रांग खदखदून हसली. सूर्यभान तेवढा माझ्याकडे बघेना. "कुत्रं बरं झालं की तुमचंही जाईल," डॉक्टर म्हणाले. "नाहीच गेलं तर माणसांचा दवाखाना गाठा. ऑइल मात्र इंजनातच राहू द्या."

डॉक्टरांनी दिलेल्या औषधाने महिनाभरात माझे केस परत आले. डाव्या कानाच्या टोकाला टक्कल राहिलंय, पण या वयात ते शोभतं.

तुमचं कुत्रं सारखं खाजवू लागलं, जागोजागी केस गेले, कातडीला वास आला, तर घरचे प्रयोग नकोत. गुरांच्या दवाखान्यात आम्हीही चालतो. औषध लावाल ते काठीला चिंधी बांधून लावू नका. हाताने लावा, मग हात साबणाने धुवा. दवाखान्यातून परतलो त्या संध्याकाळी सूर्यभानने हाताने माझी पाठ चोळली तेव्हा औषध झोंबत होतं, तरी मी जागचा हललो नाही. दीड महिन्यात वस्तीवरच्या कुणी मला हात लावला नव्हता.