तक्रारीची टेप

आमचा धंदा म्हणजे रेडिओवाल्यांची जुनी अडगळ उपसायची. टेपा कॉम्प्युटरवर घ्यायच्या, सर्व्हरवर चढवायच्या. मग ज्याला हवं ते त्यानं हवं तेव्हा मोबाइलवर ऐकावं. गाणी, नाटकं, भाषणं, सगळं मिळतं. मिळत नाही ते मधलं निवेदन. ते थेट व्हायचं, बोललं की हवेत विरलं.

आता माझं नशीब बघा. माझी आई जन्मभर त्याच रेडिओवर निवेदिका! माझी लेक जन्मायच्या आधीच आईच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. ती पाटीवर लिहून बोलते. लेकीला अजून वाचता येत नाही, म्हणून आजी-नातीचं सगळं खाणाखुणांवर चालतं. परवा पोरगी म्हणाली, "बाबा, आजीचा आवाज कसा होता?" साऱ्या जगाचे आवाज सांभाळतो मी, आणि घरात आईचा एक शब्द नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

कपाटंच्या कपाटं पालथी घातली. काही नाही. शेवटी साहेब म्हणाले, "तक्रारींच्या टेपा बघितल्यात का? सोमवारी भंगारात जाणारेत."

पूर्वी रोजच्या प्रसारणाची एक टेप फिरत असायची. ती पुसून पुन्हा वापरायचे. कुणी तक्रार केली, तरच तेवढी पुरावा म्हणून बाजूला ठेवायचे.

"आमच्या आईविरुद्ध तक्रार? शक्यच नाही!" मी उखडलोच. अहो, बाई इतकी काटेकोर, की घरातसुद्धा 'थोड्याच वेळात जेवण सुरू होत आहे' अशी घोषणा करायची. पण निघाली एक टेप. डब्यावर चिठ्ठी होती: 'निवेदिकेचं खासगी बोलणं प्रसारित. माइक चुकून चालू राहिला. समज दिली.'

रविवारी घरी लावली. लेक आजीच्या मांडीवर बसली होती. गाणं संपलं, थोडी खरखर झाली, आणि आई बोलली. काय आवाज होता हो!

"घाबरू नकोस रे सोन्या. शेजारच्या काकू आहेत ना जवळ? औषध थुंकायचं नाही. रेडिओ बंद करू नकोस, मी इथेच आहे. या गाण्यानंतर पुन्हा बोलते." आणि लगेच निवेदनाचा तो साजूक स्वर: "व्यत्ययाबद्दल क्षमस्व."

"पुन्हा! पुन्हा!" लेक टाळ्या पिटायला लागली. मी डोळे पुसत हसत होतो. म्हटलं, "काय गं आई, एवढी पक्की तू, आणि घरी फोन करताना माइक बंद करायला विसरलीस?"

पाढे चुकल्यावर पाहायची, तसं आईनं माझ्याकडे पाहिलं. मग पाटी ओढून लिहिलं, 'तेव्हा आपल्याकडे फोन होता कुठे?'

म्हणजे विसरली नव्हती बाई. तापानं फणफणलेल्या पोराशी बोलायला तिच्याजवळ तेवढा एक माइक होता. नोकरी पणाला लावून ती माझ्याशी बोलली, आणि वर चूक झाली म्हणून समजही निमूट ऐकून घेतली.

"बाबा, आजी काय म्हणतेय? वाच ना," लेक माझा हात ओढत होती. मी वाचायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना.