वरातीतली पांढरी उंदरीण

मी पांढरी उंदरीण बोलतेय. दचकू नका. तुमच्या पोत्यांना तोंड लावणाऱ्या करड्या जातीची मी नव्हे. माझा जन्म मुंबईच्या एका संशोधन संस्थेत, स्वच्छ कापसावर झाला. चोरी कशाशी खातात हे मला ठाऊक नाही, कारण मला सगळं मोजूनमापून मिळत आलं आहे. दाणे, पाणी आणि आजारसुद्धा.

आमच्या कुळाची एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर मागाहून दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळेल. आमच्यात वीस पिढ्या सख्ख्या भावाबहिणींचीच लग्नं लागत आली. आमची हौस नव्हे, लावली गेली. त्यामुळे आम्ही सगळ्या इतक्या सारख्या, की एकीच्या कातडीचा तुकडा दुसरीला डकवला तर तिचं अंग कुरकुर करत नाही. परक्या उंदराचा डकवला तर थोड्याच दिवसांत वाळवून टाकून देतं. अंगाला आपलं-परकं फार कळतं.

माझे मालक रतिलाल, जळगावच्या झुंबरलालशेठ डाळमिलवाल्यांचे धाकटे चिरंजीव. घरात सगळे तूरडाळीचे जाणकार, हे एकटे कर्करोगाच्या गाठीचे. गाठ मूळची माझ्या एका बहिणीची. तिच्या अंगात डांबरातलं कसलंसं औषध टोचून ती आणवली होती. पुढे बहीण मेली, पण गाठीला मरू दिलं नाही. एकीच्या गाठीचा तीळभर तुकडा जाड सुईने दुसरीच्या कातडीखाली सरकवायचा. ती मरायला टेकली की तिसरीच्या. आमचा वंश चालला होता तसा तिचाही चालला होता, उलट जास्त मानाने.

१९५६च्या वैशाखात रतिलालांचं लग्न निघालं. माणसाला सुट्टी मिळाली, गाठीला कुठली मिळणार? म्हणून आम्ही सहा जणी पिंजऱ्यासकट जळगावला आलो. घरी पिंजऱ्याला हात लावायला कोणी धजेना, म्हणून वरातीच्या मोटारीतून धुळ्यालाही गेलो.

धुळ्याच्या मांडवात बायकांना आयतंच सापडलं.

"अगं बाई, नवरदेव उंदरावर बसून येणार वाटतं!"

"गणपतीच म्हणा की! सोंड कुठे ठेवली?"

"ती मोटारीत मावली नसेल."

नवरीमुलगी प्रेमकुंवर घुंगटाआड बसली होती. सगळ्या हसल्या, ती हसली नाही. फक्त आमचा पिंजरा उन्हात होता, तो तिने पायाच्या अंगठ्याने हळूच सावलीत सरकवला. तेव्हापासून मी तिच्यावर नजर ठेवून आहे. दोन दिवसांनी जळगावच्या घराचा उंबरठा आम्ही एकाच वेळी ओलांडला. ती उजव्या पायाने आणि मी पिंजऱ्यातून.

या घरात हुकूम चालतो तो चंदनबाईंचा, म्हणजे रतिलालांच्या आईचा. घरात सगळे त्यांना बाई म्हणतात. जैन घर, पाणी गाळल्याशिवाय चुलीवर चढत नाही. मिलमधले उंदीरसुद्धा बाई जिवंत धरायला लावत आणि टांगेवाल्या भटूकरवी मेहरूणच्या तळ्यापलीकडे सोडून देववत. भटूचा टांगा परतायच्या आत उंदीर परतलेले असत, असं मिलमधले हमाल म्हणत. भटू पारोळ्याकडचा. सगळे उंदीर आता आपल्याला ओळखतात, एवढंच त्याचं म्हणणं, "शेठाणी, त्या बठ्ठा आते माले वळखतस."

अशा घरात आमची हकिगत उघडी पडायला वेळ लागला नाही.

"रति, मुक्या जिवांना तू मुद्दाम रोग लावतोस?"

"माणसांचा बरा व्हावा म्हणून, बाई."

"आणि ते भावाबहिणींचं लग्न? आम्ही चार गोत्रं टाळता टाळता थेट धुळ्यापर्यंत गेलो, तेव्हा ही बिनणी मिळाली. आणि तू माझ्याच घरात हे मांडून बसलास?"

"सख्खेपणा हवाच त्यात. परक्याचं काही आत आलं, तर अंग ते ठेवून घेत नाही."

चंदनबाईंनी चुलीपाशी बसलेल्या बिनणीकडे, म्हणजे नव्या सुनेकडे, एकदा पाहिलं. "ते तर दिसतंच आहे," त्या म्हणाल्या. त्या दिवशी सुनेच्या हातून भाजीत हिंग जास्त पडला होता.

आठवडाभरात रतिलालांना मुंबईहून त्यांच्या साहेबांचं बोलावणं आलं. जाताना ते बायकोला म्हणाले, "दाणापाणी तू बघ. गाठींना मात्र कोणी हात लावायचा नाही. तुझ्यावर सोडून जातोय." नवऱ्याने सोपवलेलं हे तिचं पहिलंच काम. दुसऱ्या कुणाला नथ मिळते, हिला मी मिळाले.

मुंबईत माझ्या अंगात सरकवलेली गाठ तोवर बोराएवढी होऊन कुशीपाशी लोंबू लागली होती. एकदा चंदनबाई पिंजऱ्यापुढे थांबल्या.

"चामखीळच म्हणायची की ही. माझ्या घरात एक जीव असा खंगतो, आणि मी डोळे मिटून सामायिकाच्या ध्यानात बसू? भटू, घोड्याच्या शेपटीचा एक केस आण."

"कोनले चामखीळ व्हयनी, शेठाणी?"

"उंदराला."

भटूने टांग्याकडे वळून पाहिलं. "मंग घोडाले काही नका सांगज्यात. रुसी जाई तो."

चामखिळीला घोड्याचा केस आवळून बांधायचा, म्हणजे ती वाळून गळते, हा आपल्याकडचा घरोघरचा इलाज. चंदनबाईंना चामखीळ आणि कर्करोग यांतला फरक माहीत नव्हता, आणि दया करताना तो विचारायचा असतो असंही त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"बाई," प्रेमकुंवर पदराआडून म्हणाली, "त्यांनी हात लावायचा नाही म्हटलंय." सासूपुढचं तिचं ते पहिलं पुरतं वाक्य.

"मी कुठे लावतेय? माझे हात थरथरतात. तू बांध."

एकीकडे नवऱ्याचा शब्द, दुसरीकडे सासूचा, आणि मी तिच्या मुठीत.  मग तिने केसाचा फास केला आणि गाठीच्या मुळाशी आवळला. मी चावले. तिने हात काढला नाही. रोज ती फास थोडा थोडा घट्ट करी. गाठ जांभळी झाली, काळी पडली आणि एका सकाळी खारकेच्या बीसारखी कापसात पडलेली सापडली. चंदनबाईंनी नवकार मंत्र म्हटला. माझ्या एका बहिणीची गाठ आत रुतलेली होती, तिला केस बसला नाही. तिच्या बाबतीत नवकार ती गेल्यावरच म्हणावा लागणार होता.

रतिलाल परत आले ते बूटही न काढता पिंजऱ्यापाशी.

"कोणी केलं हे?"

चंदनबाईंना नेमकी तेव्हाच जपमाळ आठवली आणि त्या आतल्या खोलीत गेल्या.

"मी बांधलं," प्रेमकुंवर म्हणाली.

"सांगून गेलो होतो ना? मुलगी शिकलेली आहे असं ऐकलं होतं मी."

 खोटं ती बोलली नव्हतीच. केस कुणी मागवला, हे त्यांनी विचारलं नाही. आतल्या खोलीत मण्यांचा आवाज थांबला होता, तो बऱ्याच वेळाने पुन्हा सुरू झाला. दुसऱ्या दिवशी भाजीत हिंग किती घालायचा, हे चंदनबाईंनी सुनेला विचारलं.

गाठ बुडायला नको म्हणून रतिलालांनी त्या रुतलेल्या गाठीचे दोन तुकडे घेतले. एक माझ्या अंगात सरकवला, एक दुसऱ्या एका निरोगी बहिणीच्या. तिच्यात तो फळला. माझ्यात मुगाएवढा झाला आणि विरघळला. त्यांनी सुईला दोष दिला. पुन्हा सरकवला, पुन्हा तेच. मग जळगावच्या उन्हाला दोष दिला, दुधाला दिला, बायकोच्या लाडाला दिला. तिसऱ्या खेपेला मात्र ते पिंजऱ्यासमोर जमिनीवरच बसले. ऐकायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून बायकोला सांगू लागले.

"हिच्या अंगाने ही गाठ ओळखून ठेवलीय. पहिली मेली, पण ओळख राहिली. दुसरी आली की आतूनच हाकलते."

"परकी म्हणून?"

"तेच तर! सख्ख्या बहिणीची असून!"

"एकदा छळल्यावर ओळखतातच," ती फुलका उलटत म्हणाली.

पुढचं वाक्य रतिलालांनी फार आनंदाने उच्चारलं. "आता हिला उघडून पाहिलं पाहिजे. पाणथरी, म्हणजे प्लीहा, काढून बघायची. ही ओळख आत नेमकी कुठे बसते ते कळेल."

माझ्या तोंडातला दाणा गळून पडला. मरायला तीनदा नकार दिला, म्हणून मला मारायचं ठरत होतं.

"या घरात नाही," चंदनबाई दारातून म्हणाल्या.

"मुंबईला नेतो मग."

"तू तिला नेलीस की मी अन्नपाणी सोडलं समज."

रतिलालांनी पेटी भरायला घेतली, चंदनबाईंनी ताट परत पाठवलं. दोघांनाही माझं कल्याणच करायचं होतं. प्रेमकुंवर जिन्यात नवऱ्याला गाठून एवढंच म्हणाली, "आज उघडलं, तर आज ओळखते एवढंच कळेल. वर्षाने विसरते का, ते कसं कळायचं?"

ते थांबले. "तोवर हिला सांभाळणार कोण?"

"मी. आपोआप गेली, की स्पिरिटात घालून तुमच्या हवाली करीन."

"नक्की?"

"हो."

खाली सासूबाई वाट पाहत होत्या. "तिचं आयुष्य सरलं, की अंगणात पुरायची. चाकू लावू द्यायचा नाही. कबूल कर."

"हो, बाई," ती म्हणाली.

सून साधी आहे, 'हो'पलीकडे तिला काही येत नाही, यावर त्या दिवसापासून मायलेकांचं एकमत आहे.

दिवाळीत रतिलाल आले ते उतरलेल्या चेहऱ्याने. साहेब म्हणाले होते, दोरा बांधून गाठ पाडायचा हा प्रयोग सातासमुद्रापलीकडे कुणीतरी आधीच करून बसलं आहे, तुम्ही वाचत नाही वाटतं? आणि एका उंदरावर काय ठरतं? निदान वीस करा.

"त्यांनी घोड्याचा केस बांधला होता का?" चंदनबाईंनी विचारलं.

"नाही. दोरा."

"मग!" त्या अभिमानाने म्हणाल्या. मग एकदम त्यांच्या ध्यानात आलं. "म्हणजे आणखी वीस जणींना गाठी लावणार?"

"आणि मग वीस केस. तुम्हीच तर दाखवलंत, बाई."

केस कुणी मागवला, हे बिनणीने त्यांना कधी सांगितलं कोण जाणे. चंदनबाईंनी जपमाळ पुन्हा हातात घेतली. एक जीव वाचवायचं पुण्य असं वीसपट अंगावर येईल, याची कल्पना त्यांना कोणत्याच महाराजांनी दिली नव्हती. बोलला तो भटू. "वीस केस? शेठाणी, घोडाले शेपटी शे, झाडू नही!"

वीस झाल्या. काही जणींच्या अंगाने ओळख ठेवली, काहींच्या नाही. रतिलाल म्हणतात, निकाल आशादायक आहे. ज्या गेल्या त्यांचं मत विचारायला कोणी उरलं नाही.

आता मी म्हातारी झाले. आमच्यात दोन वर्षं म्हणजे पणजी. मुंबईत खोली मिळत नाही आणि इथे मला सांभाळणारं दुसरं कोणी नाही, म्हणून प्रेमकुंवर अजून जळगावातच आहे. रतिलाल सुट्टीला आले, की आधी मला गाठ सरकवतात, मग चहा घेतात. माझं अंग अजून विसरलेलं नाही.

पण परवापासून माझ्या पुढच्या पायाखाली एक बारीक गाठ लागते आहे. ही कोणी सरकवलेली नाही. माझीच आहे. बहिणीची गाठ दारातून परतवणारं माझं अंग हिला मात्र काहीच म्हणत नाही, घरचीच समजतं. काल दाणे घालताना प्रेमकुंवरचं बोट तिथे येऊन थांबलं. कळवलं तर रतिलाल सुरी घेऊन पहिल्या गाडीने येतील. सांगितलं तर चंदनबाई भटूला हाक मारतील. तिने दोन्ही केलं नाही. पदराला बोट पुसलं आणि बाजरी दुधात भिजत घातली.

कोनाड्यात दोन वस्तू आहेत. एक रतिलालांनी ठेवलेली स्पिरिटची बाटली. दुसरी चंदनबाईंनी दिलेली, गुलाबी कागद लावलेली लाकडी डबी. आज दुपारी प्रेमकुंवरने डबी खाली काढली, तिच्यात कापसाची माझ्याएवढी वळी करून बसवून पाहिली आणि मग बराच वेळ बाटलीकडे पाहत राहिली. आतलं बाटलीतून रतिलालांना, वरचं कापूस भरून डबीतून चंदनबाईंना; चाकू ती दुसऱ्या कुणाला लावू देणार नाही, स्वतःच लावील. माझ्या ध्यानात आलं, ती दोन्ही शब्द पाळणार आहे.

माझी तक्रार नाही. रतिलाल, चंदनबाई, तुम्हा दोघांना एवढीच विनंती, की घाई करू नका. बाजरी चांगली भिजली आहे, आणि ती मला अजून दातांनी फोडता येते.