कढयांची जागा

"सांगा ना मकचिक, इथं कारंजं झालं तर आवडेल?"

मावशीला इथं मकचिक म्हणतात. इझयानने नकाशा पुढे धरला. कलसोमने हसत पसंतीची हिरवी टिकली नेमकी कारंज्यावर चिकटवली. "छान आहे गं. चहा घेतेस ना?"

गेलांग सराई या जुन्या मलय वस्तीतल्या इमारतींमधलं ते पटांगण नव्याने बांधायचं होतं, मलय वारसा जपून. आराखडा करणाऱ्या कचेरीतर्फे इझयान महिनाभर घरोघर मतं गोळा करत होती. एकशे चाळीस घरं, एकशे चाळीस हिरव्या टिकल्या. होणारच! दारी आलेल्या पाहुण्याला तोंडावर नाही म्हणणं इथं कुणाच्या बापाला जमलेलं नाही. कलसोमने तर तीस वर्षं शाळेच्या कॅन्टीनमध्ये पोरांना जेवू घातलेलं. 'नको' हा शब्द तिच्या तोंडातच नव्हता.

पोरगी गेली आणि कलसोम खिडकीतून खाली पटांगणाकडे बघू लागली. लग्नाच्या आदल्या दिवशी सगळी वस्ती जिथं जमून स्वयंपाक करते, नकाशात कारंजं नेमकं तिथंच होतं. चार मोठ्या कढया, आठशे माणसांचं जेवण आणि सगळ्यांवर हुकूम कलसोमचा. तिच्या आधी तिच्या आईचा. ती जागा गेली की कलसोम कोण? चौथ्या मजल्यावरची एक म्हातारी.

शनिवारी शेजारचे काका, पाक वागिमान, यांच्या नातीच्या लग्नाचा स्वयंपाक पटांगणात निघाला. कलसोमने इझयानला बोलावून घेतलं आणि हातात सुरी दिली. "टिकल्या ठेव बाजूला. कांदे सोल."

हात कामात गुंतले तशा जिभा सुटल्या.

"कारंज्यात काय रेंदांगचं मटण शिजवायचं?" वागिमान कुरकुरले.

"मग काका, हिरवी टिकली का लावलीत?"

"तू उन्हातान्हातून आलेलीस. तुझं मन कशाला मोडू?"

इझयानने कपाळाला हात लावला. "म्हणजे महिनाभर मी गोळा काय केलं?"

"आमची रीतभात," कलसोम म्हणाली.

पुढच्या आठवड्यात सभा भरली. इझयानने सगळं मांडलं, पण तिच्या कचेरीच्या मोठ्या साहेबांना पटेना. "घरोघरची संमती आहे. आता अडचण काय?"

इझयानने कलसोमकडे पाहिलं. कलसोम उठली. आईची आठवण येऊन ऊर अभिमानाने भरला होता.

"साहेब, एवढ्या लांबून आलात. कारंजं सुंदर काढलंय." तिने नकाशातल्या कारंज्याकडे बोट दाखवलं. "पण नको."

साहेब नकाशाकडे पाहत राहिले. "मग तिथं काय दाखवू?"

"काही नको. मोकळंच ठेवा."

मागे वळून बघायचा तिला धीर झाला नाही. आधी वागिमान यांची खुर्ची सरकली, मग त्यांच्या सुनेची, मग एकामागून एक सगळ्याच सरकत गेल्या; सगळी वस्ती तिच्या बाजूने उठून उभी राहत होती.