बोरतळवाडीचे एक्केचाळीस नळ

“आप्पा, ती हसणारी बाई कोण ते तेवढं सांगा, मग आम्ही जाताव.”

गुरुबसप्पा उटगे यांनी दुकानाचं शटर अजून अर्धंच वर केलं होतं. ते वाकून बाहेर आले तर पायरीवर दहा रिकाम्या घागरी आणि दहा बायका. सगळ्यात पुढे बोरतळवाडीची चांदबी, साठी ओलांडलेली, हातात परवाचा ‘मांजराकाठ’.

गुरुबसप्पा सव्वीस वर्षं या लातूरच्या दैनिकाचे मुरंबी गावचे वार्ताहर होते. पोट चालायचं ते झेरॉक्सच्या आणि वह्या-पेनांच्या दुकानावर. पण गावोगावी ओळख होती ती बातमीवर छापून येणाऱ्या नावामुळे.

चांदबीला वाचता येत नव्हतं. सुनेकडून ऐकून तिनं बातमी पाठ केली होती. मथळ्यावर बोट ठेवून ती म्हणाली, “‘बोरतळवाडीत घरोघरी नळाला पाणी, महिलांच्या चेहऱ्यावर हसू.’ आप्पा, दोन दिस झाले, आम्ही तिला हुडकायलाव. एक बी घावंना.”

बायका खो-खो हसल्या. गुरुबसप्पाही हसायला गेले, पण मध्येच थांबले.

“म्हंजे पाणी आलं न्हाई?”

“नळ आलेत. पाणी न्हाई. वरून टँकर बी बंद झाला कालपासून. सरपंच इचारायला गेले, तर तालुक्याच्या सायबानं ह्योच पेपर पुढं केला. म्हणला, गुरुबसप्पानं लिहिलंय, त्यो माणूस खोटं लिहीत न्हाई.”

एवढं सांगून चांदबीनं पेपरची घडी घालून त्यांच्या हातात दिली. गुरुबसप्पांना ती भांडली असती तर बरं वाटलं असतं.

बातमी त्यांची नव्हतीच. सरकारी कार्यालयातून मोबाइलवर प्रेसनोट आली होती. बाहेर ऊन मी म्हणत होतं, दुकानात गिऱ्हाईक होतं आणि बोरतळवाडी चौदा किलोमीटरवर. त्यांनी दोन शब्द इकडचे तिकडे केले, वर आपलं नाव घातलं आणि पाठवून दिलं.

तेवढ्यात मागच्या दारानं महानंदा आल्या. नवऱ्याचं तोंड बघूनच त्यांनी काय ते ओळखलं.

“आधी घागरी आत आणा गं. बोअर चालू हाय,” त्या म्हणाल्या. “भांडण च्या पिऊन करा.”

पाणी भरून झालं, चहा झाला. बायका ज्या जीपनं आल्या होत्या तिच्याकडे निघाल्या तसं गुरुबसप्पांनी चपला घातल्या.

“चाची, जीपमध्ये जागा हाय का मला?”

“हाय की. पण घागरी मांडीवर घ्याव्या लागतील.”

ते दोन भरल्या घागरी मांडीवर घेऊन बसले. रस्ता असा की बोरतळवाडीत उतरेपर्यंत त्यांची पँट गुडघ्यापर्यंत ओलीचिंब झाली होती. वेशीजवळ बसलेल्या म्हाताऱ्यांना त्यांनी स्वतःहूनच सांगितलं, “पाणी हाय, पाणी. दुसरं काय समजू नका.”

नळ मात्र झकास होते. प्रत्येक भिंतीला एक, नवाकोरा, चकचकीत. चांदबीच्या शेळ्यांच्या गोठ्यालाही एक बसवला होता. दोन-चार बघून परत फिरता आलं असतं, पण गुरुबसप्पांनी एकूण एक नळ सोडून बघितला आणि घरच्या बाईचं नाव वहीत लिहून घेतलं. बायका मागून मोठ्यानं मोजत होत्या. सातव्या नळातून फुसकारा आला, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकोणिसाव्यातून कोळी बाहेर पडला.

“ह्याचं बी नाव लिहा,” चांदबी म्हणाली. “नळातून आलेलं ह्ये एकटंच.”

एक्केचाळीस नळ झाले. मग गावच्या पाण्याच्या टाकीमागे गेल्यावर खरा प्रकार कळला. मुख्य पाइप टाकीपासून चार हात अलीकडेच संपला होता आणि त्याच्या तोंडावर पोतं बांधलेलं होतं.

“उद्घाटनाला टँकरनं पिंप भरलं,” चांदबीनं सांगितलं, “आन त्याची नळी एका नळाला लावली. फोटो काढला. पिंप घेऊन गेले.”

संध्याकाळी बातमी पाठवल्यावर लातूरच्या कार्यालयातून मृत्युंजयचा फोन आला. तो तिथला तरुण उपसंपादक.

“आप्पा, बातमी एक नंबर हाय. फक्त पहिलं वाक्य काढतो.”

“तेच ठेवायचं हाय.”

पहिलं वाक्य होतं, ‘बोरतळवाडीत पाणी आल्याची बातमी मी गावात न जाता लिहिली होती, ती खोटी होती.’

“लोक काय म्हणतील? आपल्याच पेपरची इज्जत जाते की.”

“आरं बाबा, मी लिहिलं म्हणून दहा बाया घागरी घेऊन चौदा किलोमीटर आल्या. माझ्यावर भरवसा हाय म्हणून त्यांचं पाणी तुटलं. आता मी नुसतं ‘पाणी न्हाई’ लिहिलं, तर कालचा गुरुबसप्पा खरा का आजचा, हे त्यांनी कसं ठरवायचं?”

मग मृत्युंजय म्हणाला, “पान पाचवर, खालच्या कोपऱ्यात बसंल.”

“बसू दे.”

बातमी आली. तिसऱ्या दिवशी टँकर सुरू झाला. गुरुबसप्पांचं नाव मात्र प्रेसनोटच्या यादीतून गेलं. पंधरा ऑगस्टला पत्रकारांच्या राखीव खुर्च्यांमध्ये त्यांची खुर्ची नव्हती. ते लोकांत उभे राहिले आणि तिथून झेंडा जास्त चांगला दिसतो, असं महानंदांना येऊन सांगितलं.

जिव्हारी लागलं ते वेगळंच. गावच्या शाळेतल्या निवृत्ती गुरुजींनी चहाच्या टपरीवर सरळ विचारलं, “उटगे, ही एक कळली. सव्वीस वर्षांत अशा किती?” “असतील,” एवढंच गुरुबसप्पा म्हणाले आणि चहा तसाच ठेवून उठले.

दोन महिन्यांनी पाइप जोडला गेला. पुन्हा बोरतळवाडीला जाऊन त्यांनी सगळे नळ सोडले. अडतीस वाहिले, तीन नाही. त्यांनी अडतीस लिहिले, तीन कोणाचे तेही लिहिलं. मृत्युंजयनं ती बातमी न सांगता पहिल्या पानावर घेतली.

त्यानंतरच्या एका बाजाराच्या दिवशी शिवप्पा दुकानात आले. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला आले होते. कागद मशीनमधून बाहेर येईपर्यंत त्यांनी काउंटरवरचा एक दुसरा पेपर उचलला.

“तांदुळवाडीच्या दवाखान्यात आता रोज डॉक्टर असतेत म्हणे. खरं हाय का आप्पा?”

“माहीत न्हाई.”

“तुम्ही पेपरवाले, आन तुम्हाला माहीत न्हाई?”

“बघितलं न्हाई अजून.”

शिवप्पांनी पेपरची घडी केली. झेरॉक्स खिशात घातली. मग काउंटरला वळसा घालून ते आत आले आणि गुरुबसप्पांच्या स्टुलावर ऐसपैस बसले.

“मग या बघून,” ते म्हणाले. “मला आज काय काम न्हाई. तवर दुकान मी बघतो. फक्त ह्या मशीनचं बटण कोणतं, तेवढं दाखवून जा.”