कोंबडीची अर्धी गोष्ट

राजदूतांनी सकाळी वर्तमानपत्र उघडलं आणि चहाचा कप तसाच खाली ठेवला. पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरांत छापलं होतं: ‘शेजारी चोर आहेत! राजदूतांचे उद्गार.’

“अहो, हे कधी बोललात तुम्ही?” खांद्यावरून डोकावत बायकोने विचारलं.

“बोललो, पण असं नाही गं! काल वाचनालयाच्या समारंभात कोंबडीची गोष्ट सांगितली. तू शंभरदा ऐकलेली.”

“शंभरदा? लग्न ठरल्यापासून ऐकतेय.”

गोष्ट साधी होती. लहानपणी त्यांची कोंबडी हरवली, तेव्हा ‘शेजारी चोर आहेत’ असं ते गल्लीभर सांगत सुटले. आईने कान धरून घरच्याच माळ्यावर नेलं, तर कोंबडी तिथे अंड्यांवर ऐसपैस बसलेली. तेव्हापासून कुणाकडे बोट दाखवण्याआधी आपण आपला माळा पाहतो, असं सांगून त्यांनी भाषण संपवलं होतं. टाळ्याही पडल्या होत्या.

छापून आली ती फक्त गल्ली. माळा नाहीच.

एरवी त्यांनी हे हसून सोडून दिलं असतं. पण वादळात भरकटून या शेजारी देशाच्या हद्दीत शिरलेले त्यांच्या मायदेशाचे मच्छीमार कित्येक महिने इथल्या तुरुंगात होते. त्यांच्या सुटकेच्या कागदावर आज दुपारी इथले मंत्री सही करणार होते.

ते दूतावासात पोचतात तोच मंत्र्यांच्या सचिवांचा फोन आला. सही लांबणीवर पडली होती.

बाहेरच्या बाकावर एका मच्छीमाराचे वडील बसले होते. मुलाला न्यायला समुद्रापलीकडून आलेले. मांडीवरच्या पिशवीत त्याच्यासाठी नवा सदरा होता. राजदूतांना पाहताच ते धडपडत उठले. “आज ना, साहेब?”

“बघतो, बाबा,” म्हणत ते आत शिरले.

त्यांनी वार्ताहराला फोन लावला. तो बिचारा ओशाळला होता. “साहेब, मी सगळी गोष्ट दिली होती हो. रात्री जाहिरात आली, जागा कमी पडली. आमच्याकडे बातमी शेपटीकडून कापतात.”

“अरे, पण गोष्टीचा जीव शेपटीतच होता!”

“महत्त्वाचं आधी सांगायचं असतं, साहेब.”

राजदूतांनी फोन आपटला. मग तावातावाने खुलासा लिहिला, कोंबडीसकट, आणि नियमाप्रमाणे मंजुरीसाठी मायदेशी पाठवला. तो परत आला तेव्हा कोंबडी गेली होती, आईही गेली होती. उरलं होतं एकच वाक्य: ‘विधानाचा विपर्यास करण्यात आला आहे.’ ते बाहेर पडतं न पडतं तोच वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावर झळकलं, ‘राजदूतांची सारवासारव’.

डोकं भणभणत असतानाच त्यांनी मंत्र्यांच्या सचिवांना फोनवर गाठलं. “तुम्ही होतात ना काल तिथे?”

“दुसऱ्या रांगेत. माळ्यावरची कोंबडी ऐकून पोट धरून हसलो. पण आमचे मंत्री पेपर वाचतात, माझं हसणं नाही. त्यांना माफी हवी आहे. मागा, आणि उद्या माणसं घेऊन जा.”

“जे बोललोच नाही त्याची माफी?”

“जे छापलंय त्याची.”

राजदूतांनी कागद पुढे ओढला. दोनदा लिहून फाडलं. बाहेर म्हातारबाबा पिशवी उघडून सदऱ्याची घडी पुन्हा नीट करत होते. शेवटी साहेबांनी मायदेशी फोन केला आणि जरा आवाज चढवूनच मंजुरी मिळवली.

या वेळी त्यांनी महत्त्वाचं आधी लिहिलं. पहिल्या ओळीत माफी, दुसरीत मच्छीमारांना सोडण्याची विनंती. कोंबडी आणि माळा अगदी शेवटी. ते कापलं जाणार हे ठाऊक होतं, तरी लिहिल्यावाचून राहवेना.

कापलं गेलंच. सकाळी पहिल्या पानावर होतं: ‘राजदूतांची अखेर कबुली.’ सुटकेची बातमी आत कुठेतरी, हवामानाशेजारी.

दुपारी तुरुंगाचं दार उघडलं. बाबांनी मुलाला छातीशी धरलं, तिथेच फाटकाशी त्याला नवा सदरा घातला. तो अंगात ढगळ झाला. मग डोळे पुसत ते राजदूतांजवळ आले. हात जोडले, आणि जाता जाता थबकून हळूच म्हणाले, “उपकार झाले, साहेब. पण लहान तोंडी मोठा घास घेतो. शेजाऱ्याला चोर म्हणायला नको होतं तुम्ही. माझं पोर आत होतं.”

राजदूतांनी तोंड उघडलं. कोंबडी अगदी ओठांवर आली. पण बंदराकडे नेणारी बस सुरू झाली होती आणि मुलगा दारातून बापाला हाका मारत होता.

“चुकलंच, बाबा,” ते म्हणाले. “या आता, बस सुटेल.”